मुकी बटणं

खोलीत कोणी नव्हतं आणि कॉम्प्युटर एकटाच बडबडत होता.

बडबडत म्हणजे काय, सुसाट सुटला होता. शब्द लागेना, भाषा कळेना... नुसती करकर. तिने दारावरची पाटी पुन्हा वाचली. तिला हवी होती नोंदणीची खोली, ही भलतीच निघाली. पण खोली भलती असली म्हणून काय झालं? बिघडलेलं यंत्र तसंच सोडून जाणाऱ्यातली ती नव्हती. पुढे झाली, वाकली आणि स्पीकरची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली. शांत! स्वतःवर खूश होऊन वळते, तोच दारातून आवाज आला –

"माझ्या कॉम्प्युटरची बोलती कोणी बंद केली?"

एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात घडी केलेली पांढरी काठी, कडक इस्त्रीचा शर्ट. आणि चेहऱ्यावर राग असायला हवा तिथे कुतूहल.

"मी... तो बिघडला होता म्हणून..."

"बिघडला नव्हता हो. वाचत होता. पडद्यावर जे काही असेल ते मला वाचून दाखवतो तो."

"एवढ्या घाईत?"

"घाई त्याला नाही, मला आहे. सावकाश वाचायला लागला की मला जांभया येतात." तो सरळ येऊन खुर्चीत बसला, खुंटी जागेवर आणली. "तुम्ही त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"न विचारता दुसऱ्याच्या मशीनला हात लावायची हिंमत या हॉस्पिटलात तरी कोणाची नाही."

ती हसली. मग आपण हसलो ते त्याला ऐकू गेलं, हे लक्षात येऊन उगाचच लाजली.

हॉस्पिटलचा तो ऑपरेटर. आजाऱ्यांचे फोन घ्यायचे, कुठल्या डॉक्टरांकडे कधी यायचं ती तारीख द्यायची, हे त्याचं काम. एका कानात पेशंट, दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. आवाज असा, की ताप आलेल्या माणसाला निम्मं बरं वाटावं. सगळे त्याला रेडिओ म्हणत, आणि तोही या नावाला ओ देई. याआधी एका कचेरीत कितीतरी वर्षं त्याने एकच वाक्य बोलून काढली होती – 'थांबा, जोडून देतो.' इथे पहिल्यांदा त्याच्या हाती तारखा आल्या होत्या. म्हणजे थोडंबहुत ठरवणं आलं होतं. त्याचा त्याला केवढा अभिमान! फोन ठेवताना तो "या मग, वाट बघतो" असं म्हणायचा, जणू घरीच बोलावलंय.

आणि ती? कॉम्प्युटरचा पडदा कसा दिसावा, बटणं कुठे असावीत, रंग कुठला, हे ठरवणारी. हॉस्पिटलने जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घेतलं होतं आणि त्याचा प्रत्येक पडदा तिच्या हातचा होता. आता लोकांना ते वापरताना कुठे अडतं ते बघायला कंपनीने तिला काही आठवडे तिथेच बसवलं होतं.

"या कंपनी, बसा," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. तेव्हापासून तिचं नावच ते पडलं. "तुमचं नवं बाळ दाखवा."

तिने मोठ्या हौसेने पडदा उघडला. तो एकेक कळ दाबत गेला आणि कॉम्प्युटर, तिच्यासाठी मुद्दाम सावकाश केलेल्या आवाजात, म्हणाला, "बटण." मग म्हणाला, "बटण." मग पुन्हा, "बटण. बटण. बटण."

"बटणं भरपूर आहेत," तो म्हणाला.

"अहो, पहिलं भिंग आहे, म्हणजे शोधा. मग अधिकची खूण, म्हणजे नवीन नोंद. मग..."

"हे तुम्हाला दिसतंय. चित्राच्या मागे नाव लिहायचं असतं, ते राहिलंय. नावच नाही तर तो बिचारा काय वाचणार?"

तिचे कान तापले. "हे सगळं मीच केलंय," ती हळूच म्हणाली. "बटणं, रंग... सगळं."

"हो? फार सुंदर आहे म्हणतात सगळे."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तारखांचं तर त्याहून वरताण. कॉम्प्युटर 'बावीस, तेवीस, चोवीस' असं वाचत सुटला, पण मोकळी कुठली आणि भरलेली कुठली, याचा पत्ता नाही.

"मोकळ्या तारखा हिरव्या आहेत," ती म्हणाली. "भरलेल्या आणि डॉक्टरांच्या रजेच्या लाल."

"म्हणजे रंगात सांगितलंय."

"हो..."

"आजवर मला कोणी रंगात काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. तिला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्यात फोन वाजला. हाडांच्या डॉक्टरांची तारीख हवी होती. तिने पटकन शेजारची खुर्ची ओढली. "थांबा, मी सांगते. बावीस हिरवी आहे."

तिथून सगळं सुरू झालं.

फोन तो घ्यायचा, तारीख ती बघायची, बटण तीच दाबायची. दुपारपर्यंत दोघांची अशी लय बसायची, की बाहेरच्याला वाटावं, हे वर्षानुवर्षं असेच बसत आलेत.

"सव्वीस?"

"हिरवी."

"नक्की हिरवी? की आपली पोपटी?"

"पोपटीला आमच्याकडे मान्यता नाही."

"फार कडक बाई कंपनी तुमची." मग फोनवर, त्या मधाळ आवाजात, "हां काका, सव्वीसला या. अनवाणी नका येऊ, पाय दुखतोय ना?"

फोन थंडावले की तो विचारायचा, "आज कुठला रंग घातलाय?"

"राखाडी."

"राखाडी म्हणजे कसा?"

ती विचारात पडली. आयुष्य रंगांत गेलं होतं, पण असं कोणी विचारलं नव्हतं. "राखाडी म्हणजे... रविवारची दुपार. सगळे झोपलेत आणि आपल्यालाच झोप येत नाहीये."

"मग असला कपडा घालता कशाला?"

"इस्त्री लागत नाही."

तो इतका हसला, की वाजणारा फोन घ्यायचा राहिला.

एक दिवस त्याने तिला डोळे मिटायला लावले. तिचं बोट धरून कळेवर ठेवलं. "ही दाबत पुढे जायचं. माउस शोधू नकोस, इथे उंदराला प्रवेश नाही." 'शोधू नकोस' हे दोघांनीही ऐकलं. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कोणालाच कळलं नव्हतं... आणि आता ते उचलून पुन्हा लावावं, असंही कोणाला वाटलं नाही. त्याचं बोट तिच्या बोटावर तसंच राहिलं – गरज होती त्याहून थोडं जास्त वेळ.

"काय ऐकू येतंय?"

"बटण," ती डोळे मिटून म्हणाली. "बटण, बटण... किती कंटाळवाणं आहे रे हे."

"तूच केलंयस."

घरी ताईने तिची पार उलटतपासणी घेतली. "हल्ली आरशासमोर फार वेळ लागतो. कोण आहे?"

"हॉस्पिटलचा ऑपरेटर. त्याला दिसत नाही, ताई."

"मग आरसा कशाला लागतो गं?"

तिने घाईघाईने कंगवा खाली ठेवला. ताईने दोन्ही भुवया वर नेल्या आणि तेवढ्यात बरंच काही बोलून टाकलं.

आता तिचं खरं काम. लोकांना कुठे अडतं ते रोज कंपनीला कळवायचं. तिने कळवलंही. अक्षर बारीक आहे, छापताना कडा कापली जाते, आणि... बटणांना नावं नाहीत, तारखांचे रंग वाचले जात नाहीत. दोन दिवसांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मुख्याचा फोन आला. त्याला सगळे दाढी म्हणत. दाढी माणूस सरळ होता.

"तुझं बटणांचं प्रकरण बघितलं. आमचंच चुकलंय. पण नीट करायचं तर आठवडाभर बाकी सगळं बंद ठेवावं लागेल. एवढंच सांग, त्या माणसाचं काम अडलंय, की चाललंय? अडलं असेल तर आत्ता हातात घेतो."

ती बाहेर बोळात उभी होती. काचेतून आतलं दिसत होतं. तो मान एका बाजूला कलती करून कोणाचं तरी दुखणं ऐकत होता. शेजारची खुर्ची रिकामी होती, खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी. बटणांना नावं लागली, तर त्या खुर्चीत कोणी बसायचं कारणच उरणार नव्हतं...

"अगं, आहेस का?"

"आहे. चाललंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी आहे ना इथे."

"बरं झालं. मग पुढच्या महिन्यात बघू."

ती आत आली. तो म्हणाला, "काय म्हणते कंपनी?"

"करू म्हणतात. वेळ लागेल."

"लागू दे," तो म्हणाला. "तोवर तू आहेस."

आणि तिला, काय सांगावं, इतकं बरं वाटलं!

त्याच आठवड्यात त्या विभागाच्या मुख्य बाई खोलीत आल्या. बाई थोड्याच दिवसांत निवृत्त व्हायच्या होत्या. "हे बघा रेडिओ, माझ्यामागे या खोलीचं सगळं तुम्ही बघावं असं माझ्या मनात आहे. वरच्यांना फक्त एक शंका आहे. नवं सॉफ्टवेअर तुम्ही एकट्याने चालवून दाखवा, की मी नाव पाठवते."

बाई गेल्यावर त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ऐकलंस? मी. या खोलीचं. सगळं."

तिने तेव्हाच दाढीला फोन करायला हवा होता. हात फोनपर्यंत गेलाही. मग वाटलं, पुढच्या महिन्यात होणारच आहे... तेवढे दिवस मिळताहेत, तर मिळू देत.

पुढच्या आठवड्यात ताईने घर बदललं. सामान हलवायचं म्हणून तिला एक दिवस रजा घ्यावी लागली.

"बिनधास्त जा गं," तो म्हणाला. "बटणांचा क्रम मला पाठ आहे. तू फक्त हिरव्या तारखा आत्ता सांगून ठेव."

तिने सगळ्या डॉक्टरांच्या मोकळ्या तारखा वाचून दाखवल्या, त्याने त्या मनात ठेवल्या. एकही विसरला नाही, पुढेही कोणाला त्याच्या पाठांतरात चूक काढता आली नाही. घडलं ते असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांच्या डॉक्टरांनी अचानक पुढच्या एका दिवसाची रजा टाकली आणि पडद्यावरची ती तारीख लाल झाली. लाल तारीख दिली तर मध्येच एक छोटी खिडकी उघडायची – 'या दिवशी डॉक्टर रजेवर आहेत. तरीही नोंद करायची?' अलगद, खालून वर तरंगत येणारी खिडकी. तिची फार आवडती. तिच्यात वाचून दाखवण्याची सोय नव्हती. कॉम्प्युटर गप्प राहिला. नेहमीचीच 'नक्की करा' वाली पायरी आहे असं समजून त्याने कळ दाबली. हो. पुढच्या पेशंटलाही, हो. दिवसभर, हो.

आणि प्रत्येकाला म्हणाला, "या मग, वाट बघतो."

त्या तारखेला हाडांच्या डॉक्टरांच्या बंद दारासमोर माणसं जमली. कोणी कुबडीवर, कोणी गळ्यात हात बांधलेलं. आरडाओरडा झाला. एक म्हातारी मात्र ओरडली नाही. दोन बस बदलून, प्लास्टरमधला हात सांभाळत आली होती. नोंदणीच्या खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "फोनवरचा तो मुलगा किती गोड बोलला होता हो. या म्हणाला होता..."

खिडकीच्या मागेच त्याची खोली होती. त्याने ते ऐकलं.

दुपारी बाईंनी त्याला बोलावलं. "तुमची चूक नाही हे मला कळतंय. पण त्या लोकांना मी काय सांगू? उद्यापासून तारखा दुसरं कोणीतरी देईल. तुम्ही... तुम्ही फोन जोडून द्या."

तो परत येऊन बसला तेव्हा ती शेजारच्या खुर्चीतच होती. तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"तुझ्या लोकांना सांग," शेवटी तो म्हणाला. "आता तरी तातडीचं म्हणून सांग. एवढे दिवस झाले, माझं काम अडलंय हे त्यांना कळत कसं नाही?"

ती गप्प राहू शकली असती. दाढीवर ढकलता आलं असतं, सहज. पण त्याच्या तोंडासमोर ते जमेना.

"त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "अडलंय का चाललंय. मी... चाललंय म्हणाले."

वायर थांबली. "का?"

"बटणं बोलायला लागली असती, तर मला इथे बसायला कारण उरलं नसतं."

प्रेमाची कबुली देण्यासाठी जगात पुष्कळ वेळा असतात, पुष्कळ वाक्यं असतात. तिने नेमकी ही वेळ आणि हे वाक्य काढलं.

फोन वाजत होता. त्याने घेतला नाही.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"काय?"

"बसू का म्हणून. एवढंच." आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता, की तिला पुढे वाकावं लागलं. "बटणं ज्या दिवशी बोलतील ना, त्या दिवशी मीच तुला म्हणणार होतो, की आता काही काम नाही, तरी बस. वाक्य तयार होतं माझं. दोनदा बदललं, आणखी चांगलं केलं... मी त्या दिवसाची वाट बघत होतो गं. आणि तो दिवस तूच लांबवत होतीस."

तिने त्याच्या हाताकडे हात नेला. मग वाटलं, न विचारता नको. हात परत घेतला. ते त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने उचलला. "हॅलो... थांबा, जोडून देतो."

ती तडक कंपनीत गेली. दाढीच्या शेजारी बसून तिने आठवडाभर दुसरं काही केलं नाही. डोळे मिटायची, ऐकायची, चूक सांगायची. दाढी वैतागला, "अगं, दिसायला सगळं तसंच आहे की!" "दिसायला," ती म्हणाली, "तसंच राहू दे." प्रत्येक बटणाला नाव मिळालं, प्रत्येक तारखेला शब्द मिळाले. ती तरंगती खिडकी आता उघडल्या उघडल्या स्वतःहून बोलायला लागली. तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि नुसतं बघून ते कोणाला दिसणार नव्हतं.

हॉस्पिटलात नवी आवृत्ती बसवली तेव्हा बाई मुद्दाम हजर राहिल्या. त्याने कळ दाबली.

"शोधा, बटण," कॉम्प्युटर म्हणाला. "नवीन नोंद, बटण. अकरा, गुरुवार, मोकळी. बारा, शुक्रवार, डॉक्टर रजेवर."

त्याच्या ओठांवर हसू आलं. कॉम्प्युटरकडे तोंड करूनच तो हसला. मग त्याने आवाजाचा वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि बोटं अशी धावायला लागली, की तिला नजरेने गाठता येईनात. तिच्या मदतीने तो कधीच इतका भरभर चालला नव्हता. आपण त्याला केवढं हळू चालवत होतो, हे तिला तेव्हा दिसलं.

"उद्यापासून तारखा परत तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "आणि नावही पाठवते."

बाई गेल्या. खोलीत दोघंच उरली. शेजारची खुर्ची कोणीतरी बाहेर पेशंटसाठी नेली होती, म्हणून ती उभीच होती.

"छान झालंय," तो म्हणाला. "मनापासून सांगतो. तुमच्या सगळ्या लोकांनाही सांगा."

तुमच्या. ती थांबली. दोनदा बदललेलं ते वाक्य येईल म्हणून थांबली... बाहेरून कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याच्या चाकांचा आवाज दूर जाईपर्यंत थांबली. मग 'येते' म्हणून निघाली.

मध्ये पुष्कळ दिवस गेले. कंपनीने तिला दुसऱ्या कामाला लावलं. ताईने एकदा विषय काढला, तिचं तोंड बघून मिटवला. आणि मग तिची दाढ दुखायला लागली. दातांचे दवाखाने गावात पन्नास, पण तिने नंबर फिरवला तो त्याच हॉस्पिटलचा.

"नमस्कार, बोला."

तोच आवाज. तिचं निम्मं दुखणं तिथेच पळालं, आणि दुसरं एक सुरू झालं.

"दाताच्या डॉक्टरांची तारीख हवी होती."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "किती दिवस दुखतंय?"

"बरेच."

"मग आधी का नाही फोन केलात?"

"वाटलं, आपोआप थांबेल."

"नाही थांबत," तो म्हणाला. हळू म्हणाला.

कळा वाजल्या. तिने नाव सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं. तरी नाव लिहायला लागतात तेवढ्या कळा वाजल्या.

"मंगळवारी जागा आहे. बुधवारीही आहे."

मंगळवार म्हणजे त्याच्या सुट्टीचा वार. त्या दिवसांत दर मंगळवारी त्याच्या खुर्चीत दुसरंच कोणी असायचं आणि तिला ती खोली खायला उठायची. हे ती त्याला प्रत्येक बुधवारी सांगायचीही.

"तुम्ही सांगाल त्या दिवशी," ती म्हणाली.

फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने डोळे मिटून घेतले, त्यानेच शिकवलं होतं तसे, आणि ऐकत राहिली.

"मंगळवारी या," तो म्हणाला. 'वाट बघतो' म्हणाला नाही.

"चालेल," ती म्हणाली.